डुकरांचं सोंग घेणारी पोरं

जेनिन हे नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल तर रणगाड्यांच्या बातमीत वाचलं असेल. आज ते नाटकासाठी वाचा.

पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकमधलं हे शहर. शहराला चिकटून निर्वासितांची छावणी. १९५३ साली वसवली तेव्हा तंबू होते, पुढं त्यांची सिमेंटची खुराडी झाली. अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा जागा नाही आणि माणसं हजारोंनी. १९४८ ला ज्यांची गावं गेली त्यांची ही पोरं, नातवंडं, पणतवंडं. या छावणीतल्या फ्रीडम थिएटरच्या पोरांनी २००९ साली जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' रंगमंचावर आणलं. नट म्हणजे कोण? कुणी सुवर्णपदकवाले नव्हते. २००२ च्या एप्रिलमध्ये इस्रायली फौज छावणीत घुसली, बावन्न पॅलेस्टिनी आणि तेवीस इस्रायली सैनिक मेले, शेकडो घरांवरून बुलडोझर फिरला. तेव्हा जी दहा-बारा वर्षांची होती, तीच पोरं सात वर्षांनी घोडा, गाढव, कोंबडी आणि डुक्कर होऊन उभी राहिली.

दोस्तांनो, इथं जरा थांबा. ज्याच्या दारात बंदूक उभी आहे त्यानं कुठलं नाटक करावं? आपल्याला वाटेल, शत्रूचं थोबाड फोडणारं. सैनिक वाईट, आम्ही चांगले, शेवटी झेंडा, टाळ्या. असं नाटक केलं असतं तर छावणीतल्या एकाही पुढाऱ्याच्या पोटात दुखलं नसतं. या पोरांनी उचललं ते बंड सडून गेल्याचं नाटक. मालकाला हाकलून दिलं, आणि मग मालकाच्या बिछान्यावर कोण झोपलं, त्याची गोष्ट.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका वाडीवरची जनावरं एक होतात, दारुड्या मालकाला पळवून लावतात. सगळे सारखे असं ठरतं. कोठाराच्या भिंतीवर सात नियम रंगवले जातात. मग दूध नि सफरचंदं फक्त डुकरांना, कारण डोकं चालवायचं काम त्यांचं. मग एकेक नियम रात्रीतून बदलत जातो. शेवटी डुकरं दोन पायांवर चालतात, शेजारच्या माणसांबरोबर पत्ते कुटतात, आणि खिडकीतून बघणाऱ्या जनावरांना यातला माणूस कोण नि डुक्कर कोण ते कळेनासं होतं. विद्यापीठातले लोक अशा गोष्टीला डिस्टोपिया म्हणतात. आपण म्हणू, नासलेलं स्वप्न. दूध नासतं तसं. नासायला आधी दूध असावं लागतं, हे विसरू नका.

आता बघा, ही इंग्लंडातली वाडी जेनिनमध्ये कशी फिट्ट बसली. १९९३ ला ओस्लोचा करार झाला, १९९४ ला पॅलेस्टिनी प्राधिकरण आलं. आपलं राज्य आलं असं लोकांना वाटलं. महमूद अब्बास २००५ च्या जानेवारीत चार वर्षांसाठी अध्यक्ष निवडून आले. म्हणजे २००९ च्या जानेवारीत मुदत संपली. खुर्ची सुटली नाही. त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही. पोरांनी नाटक केलं ते मुदत संपली त्याच वर्षी. भिंतीवरचा नियम रात्रीतून बदलतो तो असा.

आणि ते कुत्रे! गोष्टीतला नेपोलियन डुक्कर दोन कुत्र्यांची नऊ पिल्लं त्यांच्या आयांपासून तोडतो, शिकवतो असं सांगून माळ्यावर ठेवतो. पुढं ती बाहेर येतात ती दात विचकून, स्वतःच्याच भावंडांवर. इकडे काय झालं? प्राधिकरणाच्या पोरांना अमेरिकन जनरलच्या देखरेखीखाली जॉर्डनमध्ये नेऊन कवायत शिकवली, आणि २००८ साली ते नव्या गणवेशात उतरले कुठे, तर जेनिनमध्ये. ऑर्वेलनं हे लिहून ठेवलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तरी जेनिनच्या प्रेक्षकाला कुत्रा कोण ते सांगावं लागलं नसेल.

शेवट पोरांनी बदलला. म्हणजे बदलला पण नाही, नीट घासूनपुसून लख्ख केला. डुकरांशी सौदा करायला जो 'माणूस' येतो तो इस्रायली फौजेचा. बस. नाव न घेता प्राधिकरणाची चामडी सोलली, आणि ताबा घेऊन बसलेल्यालाही मोकळा सोडला नाही. एकाच टेबलाशी दोघं.

मग जे व्हायचं ते झालं. मुसलमान वस्तीत स्टेजवर डुक्कर आणता? पोरापोरींना एकत्र नाचवता? पत्रकं निघाली, धमक्या आल्या, त्याच वर्षी नाट्यगृहाच्या दाराला आग लावायचा प्रयत्न झाला. धर्म दुखावला म्हणे. माझं मत विचाराल तर धर्म पुढं होता, दुखणं मागच्या बाजूला होतं. डुकराच्या मुखवट्याचा राग येणाऱ्यात काहीजण खरेच श्रद्धाळू असतील, त्यांच्याशी बोलता येतं. पण आरशात तोंड दिसलं म्हणून आरसा फोडणारा श्रद्धाळू नसतो, तो हुशार असतो.

या थिएटरची जन्मकथा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अर्ना मेर नावाची ज्यू बाई. १९४८ च्या लढाईत ती स्वतः ज्यूंच्या पाल्माख दलात होती. म्हणजे ज्यांनी गावं रिकामी केली त्यांच्यातली. पुढं तिनं सलीबा खमिस या पॅलेस्टिनी कम्युनिस्टाशी लग्न केलं, आणि पहिल्या इंतिफादाच्या दिवसांत, शाळा बंद असताना, जेनिन छावणीतल्या पोरांना चित्रं काढायला, खेळायला, नाटक करायला शिकवू लागली. १९९३ साली तिला 'राइट लाइव्हलीहूड' हा मोठा पुरस्कार मिळाला, ते पैसे तिनं थिएटरात घातले. जागा दिली समीरा झुबेदी या छावणीतल्या बाईनं, स्वतःच्या घराचा वरचा मजला. १९९५ ला अर्ना कॅन्सरनं गेली. २००२ च्या मार्चमध्ये समीरा इस्रायली गोळीनं गेली. त्याच वर्षी ते घरही गेलं, आणि घराबरोबर थिएटर.

अर्नाचा पोरगा जुलियानो मेर-खमिस नट होता. आईच्या नाटकमंडळीतल्या पोरांचं त्यानं आधी चित्रण करून ठेवलं होतं. २००२ नंतर तो त्यांना शोधत परत गेला. त्यातून 'अर्नाज चिल्ड्रन' हा माहितीपट झाला, २००४ साली. मिळाला तर पाहाच. लहानपणी स्टेजवर हसणारा युसूफ. त्यानं २००१ ला हदेरा शहरात रस्त्यावर बेछूट गोळ्या झाडल्या, चार बायका मेल्या, तोही मेला. अश्रफ २००२ च्या लढाईत मेला. अला त्याच वर्षी नोव्हेंबरात. मी यांना हुतात्मा म्हणून हार घालायला बसलेलो नाही. रस्त्यानं जाणाऱ्या चार बाया मारणं ही क्रांती नव्हे, कुणी काहीही म्हणो. पण ज्यांना हे फक्त अतिरेकी म्हणून दिसतात त्यांनी तीच तोंडं आठ-दहा वर्षांची असताना बघावीत, मग बोलावं.

या राखेवर २००६ साली फ्रीडम थिएटर उभं राहिलं. जुलियानो पुढं, आणि त्याच्याबरोबर समीराचा मुलगा झकारिया झुबेदी. हा झकारिया छावणीतल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या होता. लहानपणी अर्नाच्या नाटकात होता. त्याच्या पाठिंब्याशिवाय छावणीत त्या नाटकाचा पडदा उघडला नसता. बंदूकवाल्यानं नाटकवाल्याला संरक्षण दिलं. नाटकवाल्यानं बंदूकवाल्याची आरती केली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ज्यानं मांडवाचे पैसे दिले त्याचा फोटो मांडवात लागतो, आणि पहिल्या रांगेत त्याचा सोफा.

आता मुद्द्याचं भांडण. आपल्यातले थोडे शिकलेले दोस्त लगेच म्हणतात, ऑर्वेल? तो तर साम्राज्याचा पोलीस. बरोबर आहे. तो जन्मला १९०३ साली, आपल्या बिहारातल्या मोतिहारीला, बाप सरकारी अफूच्या खात्यात. स्वतः ब्रह्मदेशात पोलीस होता. मरायच्या आदल्या वर्षी, १९४९ ला, त्यानं ब्रिटिश सरकारच्या प्रचारखात्याला संशयित लेखकांची यादी करून दिली. हे पण खरं आहे आणि हे घाणेरडं आहे. आणखी सांगतो. १९५४ ला 'ॲनिमल फार्म'चा जो कार्टून सिनेमा निघाला त्याला पैसा अमेरिकेच्या सीआयएचा होता. त्यांनी शेवट फिरवला. टेबलावरून माणसं उठवली, फक्त डुकरं ठेवली, आणि जनावरं डुकरांवर चालून जातात असं दाखवलं. का? कारण माणूस म्हणजे भांडवलवाला. डुक्कर आणि माणूस सारखेच दिसतात हे अमेरिकेला कसं परवडणार?

त्याहून भारी गोष्ट कैरोची. महायुद्धानंतर ब्रिटिशांना हे पुस्तक कम्युनिझमविरुद्ध अरबीत वाटायचं होतं. कैरोतल्या ब्रिटिश वकिलातीतल्या एका अधिकाऱ्यानं वर कळवलं, की अरबीसाठी ही कल्पना फारच नामी, कारण डुक्कर आणि कुत्रा दोन्ही मुसलमानांना निषिद्ध. किती अक्कल बघा! साहेबानं हिशोब केला की अरब माणूस डुक्कर बघून रशियावर थुंकेल. साठ वर्षांनी जेनिनच्या पोरांनी तेच डुक्कर घेतलं आणि साहेबाच्या वारसदारांशी सौदा करताना दाखवलं.

तेव्हा ऑर्वेल कोण होता हा प्रश्न ऑर्वेलच्या चरित्रकारांनी सोडवावा. हत्यार लोखंडाचं असतं, ते कुठल्या कारखान्यात ओतलं याची गोदीत कुणी चौकशी करत नाही. हूक आपल्या मुठीत बसतो की नाही एवढं बघतात. वॉशिंग्टननं शेवट फिरवला, जेनिननंही शेवटाला हात घातला. फरक एवढाच, की वॉशिंग्टननं टेबलावरचा एक बदमाश लपवला आणि जेनिननं दोघांनाही दिव्याखाली बसवलं.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. हे पुस्तक १९४४ ला लंडनच्या प्रकाशकांनी एकामागून एक परत पाठवलं. रशिया तेव्हा दोस्त होता. परत पाठवणाऱ्यांत टी. एस. एलियट होता, आपल्याकडच्या नवकवींचं दैवत. त्याच्या पत्रातला एक मुद्दा असा, की डुकरं तर इतर जनावरांपेक्षा हुशार आहेत, वाडी चालवायला तीच लायक. तेव्हा गरज आहे ती जास्त लोकहित बघणाऱ्या डुकरांची. वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. हे तर आपल्या ओळखीचं! वर बसायचा हक्क डोक्यानं मिळालाय, तो सोडायचा नाही, फक्त जरा दयाळूपणे बसायचं. आमच्या आजोबांना हे पोथीतून सांगितलं, एलियटनं प्रकाशनसंस्थेच्या कागदावर सांगितलं.

मला स्वतःला या गोष्टीत सगळ्यात जास्त छळतो तो नेपोलियन नव्हे. बॉक्सर घोडा आणि बेंजामिन गाढव.

बॉक्सर म्हणजे आम्ही. काही बिघडलं की त्याचं एकच उत्तर, आपण आणखी राबू. पहाटे लवकर उठून दगड ओढतो. त्याला अक्षरं शिकवली तर चार अक्षरांपुढं गेली नाहीत. ए, बी, सी, डी, संपलं. राबता राबता छाती फुटली, पडला. म्हाताऱ्या जनावरांसाठी कुरण राखून ठेवायचं ठरलं होतं, तिथं डुकरांनी जव पेरायला घेतले, स्वतःच्या बिअरसाठी. बॉक्सरला दवाखान्यात नेतो म्हणून गाडी आली. सगळी जनावरं टाटा करायला जमली. त्या गाडीवर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत होतं? बेंजामिनला. तो डुकरांइतकंच चांगलं वाचायचा. पण वाचायचा नाही. वाचण्यासारखं काही नसतं म्हणायचा. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ओरडून वाचलं : घोड्यांचा खाटीक, सरस बनवणारा. तेवढ्यात गाडी सुटली. थोड्याच दिवसांत डुकरांच्या वाड्यावर व्हिस्कीची पेटी आली. आणि प्रचारखात्याचा डुक्कर येऊन सांगून गेला, गाडी पूर्वी खाटकाची होती, आता डॉक्टरनं घेतलीय, पाटी रंगवायची राहिली! लोकांनी मान डोलावली. हे वाक्य मी नोटीस बोर्डासमोर उभा राहून किती वेळा ऐकलंय. पाटी रंगवायची राहिलीय, बाकी सगळं तुमच्या भल्याचंच.

माझ्या टोळीतला एक म्हातारा हमाल कागद माझ्यापुढं धरतो नि विचारतो, काय लिवलंय रं? तो जाडजूड इंग्रजी कागद मला अर्धाच कळतो, मॅट्रिकपर्यंत गेलेला मी. पण विचारायला तो माझ्याकडे येतो, आणि मी उत्तर दिलं नाही तर तो अंगठा उठवून मोकळा होतो. म्हणून मला बेंजामिनचा राग येतो. नेपोलियनचा राग करणं सोपं आहे. आपल्या वस्तीतून कॉलेजात गेलेला, सगळं वाचता येणारा, सगळं समजून 'काही बदलणार नाही यार' म्हणत सिगारेट ओढणारा जो बेंजामिन आहे, त्याला स्टेजवर आणा. तुम्हीच आहात तो. हे मासिक वाचताय म्हणजे वाचता येतं तुम्हाला.

पुढची हकिकत भराभर सांगतो, कारण ती कडू आहे. ४ एप्रिल २०११ ला जुलियानोला थिएटरच्या बाहेर, त्याच्या गाडीत, तोंड झाकलेल्या माणसानं गोळ्या घातल्या. त्या खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झालेली नाही. २०१२ ला झकारियाला पॅलेस्टिनी प्राधिकरणानं तुरुंगात टाकलं, आणि त्याच वर्षी थिएटरचा कलादिग्दर्शक नबील अल-राई याला इस्रायली फौजेनं उचललं. एकाच नाटकवाल्यांना दोन्ही बाजूंच्या कोठड्या! नाटकातलं टेबल खोटं होतं असं आता कुणी म्हणेल का? २०१९ ला झकारिया इस्रायलच्या तुरुंगात गेला, सप्टेंबर २०२१ मध्ये पाच साथीदारांबरोबर गिल्बोआ तुरुंगाखालून बोगद्यातून निसटला, काही दिवसांत पकडला, आणि ३० जानेवारी २०२५ ला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. १३ डिसेंबर २०२३ ला फौजेनं थिएटरची मोडतोड केली. कलादिग्दर्शक अहमद तोबासीला नेलं नि सोडलं, व्यवस्थापक मुस्तफा शेता याला वर्षाहून जास्त काळ खटल्याशिवाय आत ठेवलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये इस्रायली फौजेनं मोठी मोहीम काढून अख्खी छावणीच रिकामी करायला लावली. हजारो माणसं पुन्हा बाहेर. पणजोबा १९४८ ला निघाले तसे.

या थिएटरचं नि आपल्या मुलखाचं नातं जुळलं ते २०१५-१६ च्या हिवाळ्यात. दिल्लीचं जन नाट्य मंच आणि फ्रीडम थिएटर यांनी मिळून 'हमेशा समीदा' हे नाटक बसवलं, दोन्हीकडचे नट एकत्र, आणि भारतातल्या अनेक शहरांतून फिरवलं. जन नाट्य मंच म्हणजे सफदर हाश्मीची मंडळी. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर या कामगारवस्तीत 'हल्ला बोल' चालू असताना गुंडांनी हल्ला केला, दुसऱ्या दिवशी सफदर गेला. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धं राहिलेलं नाटक पुरं केलं. त्या हल्ल्यात राम बहादूर नावाचा मजूरही मेला. सफदरच्या नावानं रस्ते आहेत, सभा होतात, व्हायलाच पाहिजेत. पण राम बहादूरचं नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं, खरं सांगा. प्रेक्षकात उभा असलेला बॉक्सर तो.

आपल्या कार्यकर्त्यांत हा विषय काढला की ज्येष्ठ मंडळी काय म्हणतात ते मला पाठ आहे. 'घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? वरचे लोक हसतील. आधी शत्रू, मग आपले.' मी म्हणतो, दादा, आपल्याहून जवळ शत्रू जेनिनच्या पोरांच्या होता. गल्लीच्या तोंडाशी रणगाडा. त्यांना 'आधी' आणि 'मग' परवडलं नाही, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की रणगाड्याला गल्ली दाखवणारा माणूस घरातलाच असतो. आणि वरचे लोक हसतात म्हणाल, तर ते आपण गप्प बसलो तरी हसतात. नाट्यगृहाच्या एसीत बसून दलितांच्या दुःखावर रुमाल ओला करणाऱ्या सदाशिवपेठी रसिकासाठी हे नाटक नाहीच. हे नाटक पाण्याच्या टाकीशेजारी, दोन बाकांवर, ट्यूबलाइटच्या उजेडात. प्रेक्षकात नेत्याचा माणूस उभा असणारच. असू दे. त्याला वाटलं पाहिजे की हे माझ्याविषयी आहे, आणि ते मला तोंडानं म्हणता येत नाही, म्हटलं तर मीच डुक्कर ठरतो. या प्रकारच्या नाटकाची सगळी ताकद तिथं आहे. भाषणाला उत्तर देता येतं, जनावराला देता येत नाही.

एवढं मात्र जपा, की नाटक 'सगळे सारखेच चोर' असं म्हणून संपायला नको. तो बेंजामिनचा डायलॉग आहे, तो स्टेजवर बेंजामिनच्याच तोंडी राहू द्या. जेनिनच्या पोरांना बंड नको होतं म्हणून त्यांनी हे केलं नाही. बंड हवं होतं, म्हणूनच डुकरांची चीड आली.

पाऊस संपला की तालमी सुरू करू. मुखवटे पुठ्ठ्याचे पुरतात, गोदीत पुठ्ठ्याला तोटा नाही. माझी पाळी बदलते, त्यामुळे रविवार धरून चालू. घोड्याचं काम मी करतो, अंगानं बसतो. गाढवाच्या कामाला मात्र कॉलेजात शिकणारा कुणीतरी लागेल, खणखणीत आवाजात पाटी वाचणारा.